रंगातात्यांच्या गाडीचं पाणी

"वैजा, आणखी रांगोळी आण!" मी जीपखालून ओरडलो.

"पांढरी संपली. गुलाबी हाय, चालंल का?"

"चालंल. इंजनाला कुठं सण कळतोय?"

वैजयंता माझी धाकटी बहीण. तिने गुलाबी रांगोळीची पुडी बॉनेटवर ठेवली आणि शेजारी उकिडवे बसलेल्या रंगातात्यांकडे बघून हसली. तात्या हसले नाहीत. जीप त्यांची होती. गेले सोळा दिवस तिच्या रेडिएटरमधलं पाणी रोज दोन-अडीच तांबे कमी होत होतं, आणि ते जातं कुठे याचा आम्हाला पत्ता लागत नव्हता. खालची जमीन कोरडी, पाइप कोरडे, पंप कोरडा. म्हणून मी ही शक्कल काढली होती. सगळ्या इंजिनावर रांगोळी भुरभुरायची, गाडी चालू ठेवायची आणि रांगोळी कुठे ओली होते ते बघायचं. अर्ध्या तासात इंजिन लग्नघरासारखं नटलं, पण ओल काही उमटली नाही.

तात्यांनी चासीच्या खालून बोट फिरवलं. एक थेंब मिळाला, तो जिभेला लावून ते थुंकले. "गोड न्हाई. दव हाय निसतं."

"तात्या, ते कूलंट चाखू नका म्हणून किती येळा सांगू? गोड लागलं तरी इख असतंय ते."

"मंग माझ्या गाडीत कशाला घातलंस?" असं म्हणून ते गुडघ्यावर हात देत उठले. साडेसहा होत आले होते आणि पोरी दप्तरं घेऊन देवळापाशी जमायला लागल्या होत्या.

त्या पोरींचं आधी सांगायला हवं. आमच्या कळसवाडीत शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिकायचं तर वाघजाईचा घाट उतरून तालुक्याला जायचं. एसटी सकाळी एक, आणि परतीची रात्री साडेआठला. मुलं तिकडेच खोली करून राहत. मुलींचं दहावी झाली की लग्न होई, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी रंगातात्यांनी भर देवळात उभं राहून शब्द दिला. तात्या वडाप करायचे, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून तालुक्याला ने-आण. साठीला आलेला माणूस, पण घाटात गाडीला कधी ओरखडा नाही आणि तोंडात कधी वाकडा शब्द नाही. ते म्हणाले, पोरींची एक खेप मी वेगळी करतो, त्या खेपेला गाडीत दुसरा बाप्या बसणार नाही, आणि दिवेलागणीच्या आत प्रत्येक पोरगी आपल्या उंबऱ्यात असेल. गावाने विचार केला आणि हो म्हटलं. अकरा पोरी जायला लागल्या. वैजा त्यातलीच, बारावीला. तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं, आणि ती झालीही असती. आमच्या घरात डोकं म्हणावं असं तिच्याकडेच होतं.

आमचे वडील, आण्णा, तयार झाले ते फक्त तात्यांकडे बघून. "रंगाची गाडी हाय तवर जाऊ दे," ते आईला म्हणाले होते. "ती बंद, की कालेज बंद."

अशा गाडीला मी हात लावला.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून नुकताच आलो होतो आणि स्टँडजवळ पत्र्याचं शेड टाकलं होतं. माझ्याइतकं इंजिन पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, अशी माझी समजूत होती. रंगातात्यांची जीप पंधरा वर्षं आमच्या बोरच्या पाण्यावर चाललेली. आमचं बोरचं पाणी म्हणजे भांड्यावर पांढरे थर चढवणारं, डाळ न शिजणारं. मी रेडिएटरचं झाकण काढून आत बघितलं आणि मला शिसारी आली. नुसती गंजाची खीर.

"तात्या, हे धुवून टाकू आन् कूलंट घालू, इंजान गार ठेवायचं औषध," मी म्हणालो.

"नगं," तात्या म्हणाले. "पंधरा वर्सं चालतीया. कशाला म्हातारीला आंगूळ घालतोस?"

मी ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं. मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तात्या पाहुण्यांच्या दहाव्याला दोन दिवस परगावी गेले. कॉलेजलाही त्या दिवसांत सुट्टी होती. जीप माझ्या शेडसमोर उभी होती आणि किल्ली माझ्याकडे. परत येऊन बघतील आणि पाठ थोपटतील, असं मला वाटलं.

कूलंट घ्यायला मी सायकलवर तालुक्याला गेलो. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले, एक हिरवं, एक लाल. "कुठलं पण न्या, सगळं एकच." पण मला आमच्या सरांचं शिकवणं पाठ होतं. जुन्या गाडीला, तांब्या-पितळेच्या रेडिएटरला हिरवं. लाल नव्या गाड्यांना. दोन्ही एकात एक कधी मिसळायचं नाही, आत गाळ होतो. निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. मी हिरवं निवडलं. आजही कुणी विचारलं तर मी हिरवंच सांगेन. त्यात माझी काही चूक नव्हती, आणि हेच मला अजून पचत नाही.

धुवायला वैजाने मदत केली. मी तिला गावतळ्याचं गोडं पाणी आणायला लावलं. ती घागरीवर घागर आणत होती आणि मी इंजिनात धुण्याची पावडर टाकून, गाडी गरम करून, पाणी सोडत होतो. आधी तपकिरी, मग पिवळं, मग विटकरी खपल्या. सोळाव्या घागरीला पाणी स्वच्छ आलं.

"आता बग," मी म्हणालो. "काचंसारखं आलं."

"तात्यांला इचारलंस का?" वैजाने विचारलं.

"त्यांस्नी काय कळतंय त्यातलं?"

तात्या परत आले. त्यांनी झाकण काढलं, आतलं हिरवंगार पाणी बघितलं आणि झाकण परत घट्ट बसवलं. मग म्हणाले, "केलंस ते केलंस. आता बिघडली तर तूच निस्तर." चौथ्या दिवसापासून पाणी कमी व्हायला लागलं.

मग मी काय केलं नाही ते विचारा. पाइपांच्या पट्ट्या बदलल्या. झाकण बदललं. रेडिएटर काढून हौदात बुडवून बुडबुडे बघितले. तेलात पाणी जातंय का म्हणून तेलाची पट्टी दिवसातून तीनदा ओढली, धुरात वाफ येते का म्हणून सायलेन्सरला हात लावून बसलो. सगळं ठीक. आणि रोज संध्याकाळी दोन-अडीच तांबे गायब. तात्या गाडीत पाण्याचे दोन डबे ठेवायला लागले. घाटाच्या मध्यावर थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, पाणी घालायचं, पुढे निघायचं. अर्धा तास उशीर, कधी पाऊण तास. एकदा तर पोरी पोचल्या तेव्हा घरोघर दिवे लागलेले होते. दाराशी आया उभ्या होत्या.

रांगोळीही फुकट गेली त्या दिवशी मी सायकल काढली आणि तालुक्याला मुलाणीचाचांकडे गेलो. चाचा चाळीस वर्षं डिझेलची इंजिनं उघडत होते. मी त्यांच्याकडे कधी काही विचारायला गेलो नव्हतो, कारण ते चौथी नापास होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग विडी कानामागे खोचली आणि विचारलं, "गाडी पाण्यावर चाललेली का?"

"व्हय. पंधरा वर्सं."

"मंग धुतली कुणी?"

मी हाताचं ग्रीस पुसायला लागलो.

"आरं, त्यो क्षार म्हंजी जखमंवरची खपली असतीया," चाचा म्हणाले. "आतला पत्रा कवाच कुजलेला असतो. क्षारानं भोक बुजलेलं असतंय, म्हणून गाडी चालती. धुतली की भोक उघडं पडतं. आन् कूलंट तर असलं पातळ, की पाणी जात न्हाई तितनं बी त्ये जातंय. तुमचं त्ये हिरवं पाणी गरम इंजनावर झिरपतंय आन् तिथंच वाळतंय. जमिनीवर थेंब पडंल कसा?"

"मग शोधायचं कुठं?"

"इस्टार्टर काढ. त्येच्या मागं ब्लॉकमधी रुपयाएवढी पत्र्याची टोपी ठोकलेली असती. तीच कुजली असणार. तिथं कुणाचीबी नजर जात न्हाई." आणि मग, मी सायकलवर टांग टाकत असताना, त्यांनी हाक मारून विचारलं, "कुणाची गाडी म्हणालास?"

"रंगातात्यांची."

"पोरी नेतो त्यो?" चाचांनी मान हलवली. "बिगीनं जा."

मी बिगीनं गेलो. पण घाट सायकलवरून चढायचा होता, आणि मी अर्ध्यावर असतानाच मला वरून येणारी दोन माणसं भेटली. म्हणाली, तात्याची जीप दुपारीच खाली गेली, पोरींचं आज प्रॅक्टिकल लवकर सुटणार होतं. आमची चुकामूक झाली होती. मी गावात पोचलो, हत्यारं काढून ठेवली आणि वाट बघत बसलो.

दिवेलागण झाली. सात वाजले. मग साडेसात. आण्णा शेडपाशी येऊन उभे राहिले, मग सोपानआबा, मग बाकीचे बाप. सगळे घाटाकडे बघत होते. पावणेआठला खडी वाहणारा एक डंपर गावात आला. त्याच्या मागच्या हौद्यात, खडीच्या धुळीत, आमच्या अकरा पोरी उभ्या होत्या. पुढे केबिनमध्ये तीन परकी माणसं. रेडिएटरचा पाइप फुटून इंजिन उकळलं होतं, दोन्ही डबे संपले होते, आणि काळोख पडताना पोरींना घाटात ठेवण्यापेक्षा जी पहिली गाडी आली तिला तात्यांनी हात केला होता. स्वतः ते पोरींबरोबर हौद्यातच उभे होते. कुणाला काहीही झालं नव्हतं. पण सोपानआबांनी आपल्या पोरीला हाताला धरून खाली ओढलं तेव्हा मला कळलं, की जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक बसली. मी खांबाशी बसलो होतो. बाया दाराबाहेर होत्या आणि त्यांच्यात वैजा उभी होती.

सोपानआबांनीच सुरुवात केली. "रंगा, आमी तुझ्या शबदावर पोरी धाडल्या. पंधरा दिस झालं, तुझी गाडी रोज घाटात हुबी ऱ्हाती. पाणी बघत न्हाईस, इंजान बघत न्हाईस. वय झालं असंल तर तसं सांगायचं हुतंस."

"गाडी म्हातारी झाली, त्यो बी म्हातारा झाला," कुणीतरी मागून म्हणालं.

"न्हाई, तात्या लई जपतो गाडीला," दुसरा कुणी म्हणाला. "आजवर असं कंदी झालं न्हाई. आत्ताच काय झालं?"

सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. फार नाही, नुसतं बघितलं. मला वाटलं ते आता सांगणार. त्यांनी सांगावं असंही मला वाटलं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. ते म्हणाले, "गाडी माझी हाय. बघायचं काम माझं. माझ्याच हातनं चुकलं."

मला तेव्हा सगळं ठाऊक होतं. मुलाणीचाचांचे शब्द कानात होते. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की गाडी मी धुतली, तात्यांना न विचारता धुतली, ते नको म्हणाले होते. पण समोर आण्णा बसले होते. शेडवर माझ्या नावाची पाटी लावून अजून चार महिने झाले नव्हते, आणि तिथे बसलेल्या निम्म्या लोकांचे ट्रॅक्टर माझ्याकडे यायचे. मी खांबाकडे बघत राहिलो.

आण्णा उठले. "मंग इषय मिटला," ते म्हणाले. "ज्येचा स्वतःच्या गाडीवर काबू न्हाई त्येच्या भरवशावर पोरी कशा धाडायच्या?" आणि बैठक उठली.

त्या दुपारी घाटातली जीप ट्रॅक्टरला बांधून शेडपर्यंत आणली आणि मी स्टार्टर काढला. चाचांनी सांगितलं तिथेच ती टोपी होती, रुपयाएवढी, आणि तिच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक. भोवती वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा डाग. मी जुनी टोपी ठोकून काढली, नवी बसवली, फुटलेला पाइप बदलला. सगळं मिळून दीड तासाचं काम. मग गाडी घाटातून खाली नेऊन परत आणली. एक थेंब कमी झाला नाही.

मी धावत घरी गेलो. "आण्णा, सापडलं! गाडी एकदम नीट झाली!"

आण्णा विळा पाजळत होते. "गाडी नीट झाली आसंल," ते म्हणाले. "रंगाचं काय?"

त्या आठवड्यातच वैजाला बघायला पाहुणे आले. बारावीच्या परीक्षेच्या चार दिवस आधी सुपारी फुटली. आई म्हणाली, निदान परीक्षा तरी देऊ द्या, पण तिच्या म्हणण्याला घरात कधीच किंमत नव्हती. अकरांपैकी दोघींना त्यांच्या मामांनी तालुक्याला ठेवून घेतलं, म्हणून त्या तेवढ्या सुटल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसहाला देवळापाशी जीपचा हॉर्न वाजला. मी चहा पीत चुलीपाशी बसलो होतो. वैजा भाकरी थापत होती. हॉर्न पुन्हा वाजला, मग थांबून तिसऱ्यांदा, लांबलचक. मी उठून बाहेर जाऊन बघितलं. तात्या एकटेच स्टिअरिंगवर बसले होते. गाडी त्यांनी धुतली होती. कुठल्याच दारातून कुणी बाहेर आलं नाही. ते आणखी थोडा वेळ थांबले आणि मग रिकामी गाडी घेऊन घाटाकडे निघून गेले.

मी परत येऊन बसलो. वैजाने मान वर केली नाही.

"त्या दिशी देवळात मी दारात हुते," ती म्हणाली. "तू बोलशील म्हणून वाट बघत हुते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पाणी मीच आणलं हुतं की. सोळा घागरी. मला सगळं म्हाईत हुतं. पण बाईमाणसाचं देवळात कोण ऐकणार? तू बोलला असतास तर तुला चार शिव्या बसल्या असत्या. चार लोक तुझ्याकडं ट्रॅक्टर घेऊन आले नसते. पण गाडी तुझ्या हातानं बिघडली हे कळलं असतं, आन् तात्यावरचा इस्वास ऱ्हायला असता. दुसऱ्या दिशी आमी परत गाडीत बसलो असतो."

ती हे सगळं भाकरीकडे बघत, साध्या आवाजात म्हणाली. हिशेब तिने किती दिवस आधी करून ठेवला होता कोण जाणे. मला तो हिशेब तोवर दिसलाच नव्हता. मी समजत होतो की नुकसान त्या भोकाने केलं, आणि भोक मी बुजवलं होतं.

"मी आत्ता सांगतो," मी म्हणालो आणि उठलो. "आत्ताच्या आत्ता आण्णांस्नी सांगतो. साडेधाला पेपर हाय ना? सायकलवर डबलसीट नेतो तुला. पोचतोय आपण."

वैजाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिचे पिठाचे हात तसेच परातीत राहिले.

"खरंच सांगतोस?" तिने विचारलं.

मी बाहेर आलो. आण्णा अंगणात बाजेवर बसून लग्नाच्या याद्या करत होते. त्यांच्याशेजारी सोपानआबा होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

आण्णांनी मान वर केली. "काय रं?"

"काय न्हाई," मी म्हणालो.